घाटाखालचे परराज्य

परराज्य पाहावयाचे तर आगबोटीत किंवा विमानात बसावे लागते, अशी आपली समजूत असते. परंतु इ. स. १९४८ पूर्वी धाराशिवच्या माणसाला एवढा खटाटोप करावा लागत नसे. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरची वाट धरली, की तो परराज्यात पोहोचे. घाटावरचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या मुंबई प्रांतात. येडशीहून बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीने बार्शीस जाणाराही अशीच सरहद्द ओलांडीत असे. दोन्हीकडे भाषा मराठी, दोन्हीकडे जेवणात ज्वारीची भाकरी, दोन्हीकडच्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी एकच तुळजाभवानी. असे असूनही सरहद्दीपलीकडे पाऊल पडताच रोजच्या व्यवहारातील साध्यासुध्या गोष्टी उलटसुलट होऊन जात.

कल्पना करा, की १९४० सालच्या डिसेंबर महिन्यात धाराशिवच्या शाळेतील काही मुले सोलापूरचा भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वराचे तळे पाहावयास निघाली आहेत. डिसेंबर १९४० हे आपण म्हणतो. त्या मुलांच्या वह्यांवर मात्र ‘बहमन १३५०’ असे लिहिलेले असावयाचे. हैदराबाद संस्थानात सरकारी व्यवहार फसली सनाने चाले. फसल म्हणजे पीक. शेतसाऱ्याच्या सोयीसाठी निघालेल्या या सनाचे वर्ष तेथे ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई आणि त्याच्या महिन्यांची नावे इराणी असत : आजूर, दै, बहमन, इस्फंदार आणि अशीच पुढची. तेव्हा तुळजापुराहून सकाळी निघालेला मुलगा दुपारी सोलापुरात उतरे, तो तब्बल पाचशे नव्वद वर्षांनी पुढच्या सालात! पंचांगातील तिथी तेवढी दोन्हीकडे एकच असे. ती सरहद्द मानीत नव्हती.

सहल अर्थातच शुक्रवारी, कारण संस्थानातील शाळांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी मिळे. सोलापुरात पाहावे तर त्या दिवशी मुले दप्तरे सावरीत शाळेकडे निघालेली! सोलापूरच्या मुलांना या पाहुण्यांनी शाळा बुडविली असे वाटावे आणि पाहुण्यांना त्यांची कीव यावी. दोन दिवसांनी, रविवारी, हीच कीव उलट दिशेने वाहू लागे.

खरी गंमत पैशांची होती. संस्थानचा रुपया निराळा. त्याला हाली सिक्का म्हणत आणि त्यावर चारमिनाराचे चित्र असे. इंग्रजी रुपयाला म्हणत कलदार, आणि त्यावर इंग्लंडच्या राजाचा मुखवटा. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा साधारण हिशेब होता. आईने सहलीसाठी मोजून दिलेले सात रुपये सराफाच्या हाती ठेवावेत आणि परत यावेत सहा, हे लहान मुलाला कसे पटावे? त्यात सराफ आपला बट्टा कापून घेई तो वेगळाच. मात्र घाट चढून तुळजाभवानीच्या दर्शनास येणाऱ्या सोलापूरच्या यात्रेकरूला उलट अनुभव येई. सहा रुपये देऊन सात हाती पडताच देवी आताच प्रसन्न झाली, असे त्यास वाटत असल्यास नवल नाही. संस्थानचे टपालही स्वतंत्र होते. तेथील तिकीट लावलेले पत्र संस्थानाबाहेर चालत नसे.

शाळेतील शब्दांनी तर मोठीच धमाल उडे. संस्थानातील माध्यमिक शाळांत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. हैदराबाद येथे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही सर्व विषय उर्दूतून शिकवीत. भूगोलाला तेथे ‘जुगराफिया’ म्हणत, त्रिकोणाला ‘मुसल्लस’. इतिहासाला ‘तारीख’ हा शब्द होता. म्हणजे धाराशिवचा मुलगा ‘मला तारीख आवडते’ असे म्हणाला, तर सोलापूरच्या मुलाने ‘कोणती?’ असेच विचारावयाचे. आणि चौरसाला शब्द होता ‘मुरब्बा’! गुरुजी फळ्यावर मुरब्बा काढतात आणि त्याच्या चारही बाजू समान असतात, हे ऐकून कैरीचा मुरंबा चाखलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहत असेल, ते सांगावयास नकोच.

परतीच्या वाटेवर करोडगिरीचा नाका लागे. करोडगिरी म्हणजे संस्थानचे जकात खाते. सोलापुरात घेतलेले नवे कापड तेथे उलगडून दाखवावे लागे. मराठी माणसाने मराठी गावातून मराठी गावात धोतरजोडी नेली, तरी तो परदेशी माल ठरे.

मुलांना या साऱ्याची मौज वाटे. त्यांच्या वडिलांना ती वाटत नसे. शेताचा कागद, कचेरीतून आलेला हुकूम, कोर्टाचे समन्स, बहुतेक सारे उर्दूत. जमीन आपली, नाव आपले, आणि ते वाचून घेण्यासाठी मात्र दुसऱ्याचे दार! वाचणारा जे सांगेल ते खरे मानावयाचे आणि अंगठा उठवावयाचा. यात उर्दूचा काही अपराध नव्हता. ती गोड आणि समृद्ध भाषा आहे, आणि अनेकांनी ती प्रेमाने आत्मसात केली होती. अपराध होता तो घरची भाषा कचेरीच्या उंबरठ्याबाहेर ठेवणाऱ्या कारभाराचा. संस्थानात जाहीर सभा घ्यावयाची तरी ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानानुसार आधी परवानगी लागे. सोलापुरात तरी स्वातंत्र्य कोठे होते? तेथे १९३० साली इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघा देशभक्तांना फाशी दिले. पण तेथील शेतकऱ्याला आपला सातबाराचा उतारा मराठीत मिळे, एवढा फरक होताच.

हा फरक जाणून धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या लहानशा गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे मुले मराठीतून शिकू लागली. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे पुढे काही वर्षे याच शाळेत शिकवीत होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. नाके उठले, रविवार सर्वांचा झाला, फसली महिने जुन्या दप्तरांत जाऊन बसले. हाली सिक्का तेवढा चिवट निघाला; १९५९ साली तो कायमचा रद्द होईपर्यंत सातास सहाचा हिशेब करणारी माणसे बाजारात भेटत.

आणखी एक मौज राहिली. संस्थानात तालुक्याचा प्रमुख अधिकारी तहसीलदार, तर मुंबई प्रांतात मामलेदार. जिल्ह्याचा अधिकारी इकडे अव्वल तालुकदार, तिकडे कलेक्टर. पोलिसातला इकडचा अमीन म्हणजे तिकडचा फौजदार. दोन्ही मुलूख एक झाल्यावर यांतील कोणते शब्द टिकावयाचे? अव्वल तालुकदार गेला, अमीनही गेला. पण १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात तालुक्याच्या अधिकाऱ्याचे नाव आले ते तहसीलदार. आणि सोलापूर, पुणे, साताऱ्याचा मामलेदारही घाटावरच्या नावाने ओळखला जाऊ लागला.