चित्रातली आकृती मजकुरात आणताना

जुन्या तांत्रिक दस्तऐवजांमधल्या आकृत्या बहुधा पीएनजी किंवा जेपेग चित्रं म्हणूनच उरलेल्या असतात. मूळ फाइल कुणाकडेच नसते. चौकटीतला एक शब्द बदलायचा, तरी सगळी आकृती नव्याने काढावी लागते. अशा आकृत्या ग्राफविझ या आकृती मांडणाऱ्या प्रोग्रामच्या डॉट फाइलींत, म्हणजे साध्या मजकुरात, उतरवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून पटलेल्या या गोष्टी.

१. आकृती गिरवायची नसते, वाचायची असते. डॉट फाइलीत कोण कोणाला जोडलेलं आहे, एवढंच लिहायचं. चौकट पानावर कुठे बसेल, हे ग्राफविझ ठरवतं. थर पाडून, रेषा शक्य तितक्या कमी छेदतील अशी मांडणी ते करतं. आपली मांडणी मूळ चित्रासारखी दिसली नाही म्हणून हळहळू नये.

२. आधी सगळ्या चौकटी लिहून काढाव्यात, बाणांना नंतर हात घालावा. प्रत्येक चौकटीला छोटं नाव द्यावं आणि तिच्यावरचा मजकूर लेबलमध्ये वेगळा ठेवावा. पुढे मजकूर बदलला तरी बाण जागचे हलत नाहीत.

३. खरी कसोटी रेषांची. चौकटी शोधायला ओपनसीव्ही ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी पुरते, सरळ रेषा हफ रूपांतर या गणिती पद्धतीने सापडतात. पण दोन रेषा जिथे भेटतात, तिथे त्या नुसत्या छेदतात की एकमेकींत मिळतात? विद्युत आकृतीत जोड दाखवायला ठिपका असतो, फ्लोचार्टमध्ये बहुतेकदा काहीच नसतं. दोन चौकटींतून निघालेल्या रेषा एकत्र होऊन तिसरीत एकाच बाणाने शिरल्या, तर डॉटमध्ये दोन बाण लिहायचे. पहिल्या दोघींत नातं जोडायचं नाही. तुटक रेषेचा प्रत्येक तुकडा प्रोग्रामला वेगळी रेषा वाटतो. शिवाय छेद म्हणजे काढणाऱ्याचा निष्काळजीपणा नव्हे. तीन घरांना पाणी, वीज आणि गॅस या तिन्ही जोडण्या द्यायच्या, तर कागदावर एक तरी छेद अटळ आहे, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणून प्रत्येक छेद मी डोळ्यांनीच सोडवतो.

४. जेपेग चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांनी दाबलं जातं, त्यामुळे अक्षरांच्या कडांना डाग पडतात. टेसरॅक्ट या अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रामला मराठी वाचता येतं, पण चित्र आधी मोठं करून द्यावं. अक्षरं सुटी मिळावीत म्हणून चौकटींच्या आडव्या रेषा पुसायची पद्धत आहे. इंग्रजीत ती चालते; मराठीत रेषांबरोबर शिरोरेषाही पुसली जाते आणि अक्षरं ओळखेनाशी होतात. मराठी आकृतीत रेषा पुसू नयेत, चौकटीच्या आतला भाग कापून द्यावा.

५. हल्ली चित्र वाचणाऱ्या एआय मॉडेलला आकृती दिली की डॉटचा किंवा मर्मेड या तशाच दुसऱ्या भाषेतला मजकूर लगेच मिळतो. वेळ वाचतो, मीही वापरतो. मात्र निर्णयाच्या चौकटीतून मुळात एकच बाण निघत असला, तर मॉडेल ‘नाही’चा दुसरा बाण स्वतःच्या पदरचा घालू शकतं. जुन्या आकृतीतली ती उणीव कधीकधी फार महत्त्वाची असते. प्रणालीतला दोषच तिथे दिसत असतो. प्रत्येक चौकटीत येणारे आणि जाणारे बाण मूळ चित्राशी मोजून ताडून पाहावेत. ही पायरी गाळायची असेल, तर हे काम हातीच घेऊ नये.

६. काही आकृत्यांत जागेलाच अर्थ असतो. एका ओळीतल्या चौकटी समान दर्जाच्या असतील, तर त्यांना एकाच थरावर बांधून ठेवण्याची सोय डॉटमध्ये आहे. इमारतीच्या नकाशावर काढलेलं केबलचं जाळं मात्र चित्रच राहू द्यावं.

७. मूळ चित्र डॉट फाइलीशेजारीच जपून ठेवावं.

आणि नव्या आकृत्या काढणाऱ्यांना कळकळीची विनंती: चित्रासोबत आकृतीचा मजकूरही द्या. गिटहबवर तर २०२२पासून मर्मेडचा मजकूर थेट आकृती होऊन दिसतो.