उन्हाळी परसबाग: दारची भेंडी, पेरणीपासून तव्यापर्यंत



शिवरात्र झाली, हरभरा काढणीला आला. आता विहिरीचं पाणी खाली जाणार, त्यामुळे वावरात उन्हाळी पीक सगळ्यांनाच जमणार नाही. पण घरामागं १० बाय १० फुटांचा भाजीचा तुकडा चारठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराला जमतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आपल्याला लागतो त्याचा अकरावा हिस्सा. होळीच्या आत बी टाकलं तर अक्षय तृतीयेच्या आसपास पहिली भेंडी तव्यावर येते.

आजचा सल्ला थोडा मोठा आहे. सावकाश वाचा, आणि घरात परसबाग ज्या बघतात त्यांना नक्की वाचून दाखवा.

*१) आधी एक नियम: शेताचा पंप परसात आणायचा नाही*

भेंडी लागली की दिवसाआड तोडावी लागते. कीटकनाशकाच्या डब्यावर शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. वावरात आपण ते दिवस पाळू शकतो. परसात आज फवारलं, तर परवा तोडलेली भेंडी कोण खाणार? आपलीच लेकरं. आणि तोडायचं थांबलो तर भेंडी जून होते. म्हणजे परसबागेत हे औषध बसतच नाही.

त्यात कपाशीचं उरलेलं औषध तर अजिबात नको. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलो नाही. कपाशीचा पंप कितीही धुतला तरी परसासाठी तो वापरू नका. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी किंवा बी ठेवू नका.

*२) जागेची आखणी*

सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्या. चार-पाच घमेली *पूर्ण कुजलेलं* शेणखत मिसळा. ओलं शेण टाकलं तर वाळवी आणि हुमणी मागं लागते. मग दीड-दीड फुटावर सऱ्या पाडा:

- ४ ओळी भेंडी (६ फूट)
- २ ओळी गवार (३ फूट)
- उरलेल्या एका फुटात माठ किंवा राजगिरा
- कुंपणाला दोडक्याचे २-३ वेल

पालक आणि मेथी आता उन्हात लावू नका. वाढण्याआधीच फुलावर येतात.

*३) भेंडीचं बी: आपल्या परभणीचंच*

पूर्वी पुसा सावनी हा दिल्लीचा वाण सगळीकडं होता. पुढं त्याच्यावर केवडा (पानाच्या शिरा पिवळ्या पडणारा विषाणू रोग) यायला लागला. तेव्हा परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठात पुसा सावनीचा भेंडीच्या एका रानटी जातीशी संकर करून *परभणी क्रांती* हा वाण तयार झाला. १९८५ साली तो प्रसारित झाला आणि देशभर गेला. इतक्या वर्षांनी आता बऱ्याच ठिकाणी त्याच्यावरही केवडा दिसतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. तरी परसबागेसाठी त्याचा मोठा फायदा हा, की तो सरळ वाण आहे, हायब्रीड नाही. बी घरचं राखता येतं.

पेरणी अशी करा:
- १० ते १५ ग्रॅम बी पुरतं. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा.
- पाकिटातलं रंगीत बी म्हणजे त्याला औषध लावलेलं असतं. ते भिजवलेलं पाणी कोंबड्या-शेरडांपासून दूर ठेवा, आणि हात साबणानं धुवा.
- वरंब्याच्या बगलेला, वीतभर अंतरावर, दोन-दोन बिया, बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको.
- उगवल्यावर जोमदार रोप ठेवा, दुसरं काढा.

एका ओळीत १५ झाडं, चार ओळींत ६०. एका झाडाला दिवसाआड एकच भेंडी धरली तरी ६० भेंड्या होतात. चार-पाच माणसांची भाजी निघाली.

*४) पाणी कुठून आणायचं?*

एवढ्या तुकड्याला चैत्रात रोज चार-पाच घागरी पाणी लागतं. चार माणसांच्या आंघोळीचं पाणी, माणशी एक बादली धरलं तरी, जवळपास तेवढंच भरतं. फक्त ते कुठं द्यायचं हे ठरवून घ्या:

- आंघोळीचं पाणी: भेंडी, गवार, दोडका यांच्या बुडाला, पानांवर उडू न देता.
- डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी: माठाला. पालेभाजीला साबणाचं पाणी नको.
- कपड्यांच्या पावडरचं पहिलं पाणी: कुठंच नको. आपली काळी जमीन त्यानं चिकट आणि कडक होते. शेवटच्या खळबळण्याचं पाणी चालतं.

सगळ्या ओळींत सोयाबीनचं भुसकट किंवा तुरीचा भुसा चार बोटं जाड पसरा. ऊन थेट मातीला लागत नाही, ओल जास्त टिकते. पाणी सकाळी लवकर किंवा सांजच्याला द्या.

*५) कीड-रोग: रोज दोन मिनिटं*

- *केवडा:* औषध नाही. पहिलं पिवळं झाड दिसलं की उपटून पुरून टाका. एक झाड वाचवायला गेलं तर ओळ जाते.
- *पांढरी माशी:* हीच केवडा पसरवते. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून झाडाच्या उंचीवर दोन-तीन ठिकाणी टांगा.
- *शेंडा सुकला:* आत अळी आहे. शेंडा खालून कापून नष्ट करा. भोक पडलेली भेंडी पण तोडून टाका.
- *मावा, तुडतुडे, पांढरी माशी वाढली तर:* गेल्या पावसाळ्यातल्या निंबोळ्या वाळवून ठेवल्या असतील तर ५० ग्रॅम भुकटी थोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून एकूण १ लिटर करा, थोडं साबणाचं पाणी मिसळा आणि त्याच दिवशी सांजच्याला पानाच्या खालून फवारा. यासाठी हातातला छोटा फवारा वेगळा ठेवा. निंबोळ्या नसतील तर यंदा ज्येष्ठ-आषाढात गोळा करायच्या, हे आत्ताच ध्यानात ठेवा.

*६) तोडणी आणि स्वयंपाक*

भेंडी सकाळी तोडा. टोक वाकवल्यावर कट्कन मोडलं तर कोवळी. जून भेंडी झाडावर ठेवली तर नवीन लागणं कमी होतं, म्हणून खायची नसली तरी तोडा.

भेंडी *आधी धुवा, पुसा, मग चिरा*. चिरून धुतली की तार सुटते. लोखंडी तव्यावर करडईचं तेल तापवून जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची टाका, मग भेंडी. झाकण ठेवू नका, वाफेनं ती चिकट होते. तार राहिली तर चमचाभर चिंचेचा कोळ टाका, आंबटानं तार मोडते. मीठ आणि शेंगदाण्याचा कूट शेवटी. ज्वारीच्या भाकरीबरोबर एवढं पुरे.

माठ-राजगिराही धुऊन मग चिरा, आणि शिजवलेलं पाणी टाकू नका. त्यातच डाळ घालून गरगटं करा. ताटात लिंबाची फोड ठेवा, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवल्याबरोबर चहा घेतला तर उलट होतं. घरातल्या बाया आणि वाढत्या मुलींसाठी हे मुद्दाम सांगतोय.

*७) बी राखा*

केवडा न आलेली, भरपूर लागणारी चार-पाच झाडं निवडून दोरा बांधा. मधल्या भेंड्या झाडावरच वाळू द्या. कडा तडकायला लागल्या की काढा, सावलीत सुकवा, कोरड्या बरणीत राखेसोबत ठेवा. शेजारी दुसरा भेंडीचा वाण असेल तर मधमाश्यांमुळे बी मिसळ होतं, तेव्हा त्यातलं बी धरू नका. हायब्रीडचं बी तर राखूच नका, पुढची झाडं एकसारखी निघत नाहीत.

पानावर काही वेगळं दिसलं तर उजेडात, पानाच्या *दोन्ही बाजूंचा* फोटो याच नंबरवर पाठवा. आणि कोणी सांगितलं म्हणून फवारणी करण्याआधी एकदा विचारा.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, चारठाणा (ता. जिंतूर, जि. परभणी)