तिकीट सून बघती

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. बहुतेक नोकरी सातारा-कोरेगाव-पुसेगाव-दहिवडी-म्हसवड या रस्त्यावर गेली. त्यातून सतरा-अठरा गोष्टी दिवाळी अंकांत छापून आल्या. "एवढं सुचतं कुठून?" असं कुणी विचारलं की पूर्वी उगाच लाजायचो. आता जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

१. लिहिण्यासाठी रजा काढू नये.
मी काढली होती, चार दिवसांची. मामाच्या मळ्यातल्या घरात वही उघडून बसलो. मावळतीच्या वर्णनाचं दीड पान झालं, तेही आधी कुणीतरी जास्त चांगलं केलेलं. पाचव्या दिवशी ड्यूटीवर हजर झालो आणि वर्धनगडच्या घाटात गोष्ट मिळाली.

२. हिशेबात न बसणाऱ्या माणसाकडं बघावं.
एक म्हातारा दर सोमवारी म्हसवडचं तिकीट काढायचा आणि पुसेगावलाच उतरायचा. अलीकडचं तिकीट काढून पुढं जाणारे आम्ही रोज धरतो. पुढचं काढून अलीकडं उतरणारा हा एकटाच. त्या दिवशी विचारलंच, "आबा, जादा पैसं कशाला घालवता?"

"तिकीट सून बघती," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

लेकीकडं जातो म्हणून घरातून निघायचे, एवढं पुढं कळलं. पुसेगावात दिवसभर काय करायचे, ते मी विचारलं नाही. सरळ उत्तर मिळालं असतं, तर मला लिहायला काही उरलं नसतं.

३. वाक्य कानावर पडलं तसंच टिपावं.
पहिल्या खर्ड्यात मी शहाणपणा केला. 'घरी गेल्यावर माझी सूनबाई तिकीट तपासते,' असं लिहिलं. व्याकरण सुधारलं आणि म्हातारा मेला. मूळ तीन शब्दांत सुनेचा धाक आहे आणि तिला फसवल्याची बारीकशी मजाही आहे. 'तपासते'मध्ये यातलं काहीच येत नाही. वेबिलाच्या पाठीवर लिहायची सोय नव्हती, तो हिशेबाचा कागद. म्हणून खिशात पतसंस्थेची फुकटची डायरी असायची. मुक्कामी गाडीत रात्री बॅटरीच्या उजेडात सगळं उतरवून घ्यायचो. सकाळी लिहू म्हटलं की सकाळी नुसता अर्थ आठवतो, शब्द गेलेले असतात.

४. हात कामात असलेले बरे.
जुन्या तिकिटांना पंच मारताना, सुट्टे मोजताना डोकं मोकळं राहायचं आणि कान आपोआप काम करायचे. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरकाम करता करता, शेतात राबता राबता त्यांची गाणी व्हायची; ती टिपली गेली म्हणून राहिली. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. मला मात्र त्यातल्या गाण्यांइतकीच न टिपलेल्या गाण्यांची आठवण येते.

५. तोच रस्ता पुन्हा बघावा.
हा व्यंकटेश माडगूळकरांचा मुलूख. 'माणदेशी माणसं' १९४९ सालचं. त्यानंतर आमच्यासारख्यानं काय लिहायचं, असं वाटून मी दोन वर्षं गप्प बसलो होतो. पण रस्ता तोच असला तरी गाडीतलं बोलणं बदलतं. २०१२-१३च्या दुष्काळात गडीमाणसं गुरांबरोबर चारा छावणीत राहायला गेली. आमच्या गाडीत भाकरीचे डबे एकटेच प्रवास करू लागले. डब्याला चिठ्ठी बांधलेली असायची. एकीत लिहिलं होतं, 'तांबडी खाती का?' नवऱ्याची विचारपूस कुठंच नव्हती. त्या एका डब्यावर माझी सगळ्यात लांब गोष्ट उभी आहे.

६. माणूस ओळखू येईल असं लिहू नये.
हे मी उशिरा शिकलो. आबांची गोष्ट पहिल्यांदा छापून आली तेव्हा गाव आणि वार मी खरेच ठेवले होते. अस्सल वाटावं म्हणून. अंक त्यांच्या गावच्या वाचनालयात गेला. त्यानंतर आबा माझ्या गाडीला पुन्हा कधी आले नाहीत. तब्येत बिघडली असेल, खरंच लेकीकडं राहायला गेले असतील. ही दोन्ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा सांगितली आहेत. त्यांच्या घरी जाऊन विचारायचं धाडस झालं नाही.

तेव्हापासून गाव, वार, नातं, तिन्ही बदलतो. वरसुद्धा गाव आणि वार बदललेत. सून तेवढी सूनच ठेवली, कारण त्या वाक्याला हात लावणं मला अजून जमत नाही.

७. आता ज्येष्ठांचं अर्धं तिकीट काढून त्याच रस्त्यानं जातो. मशीनमधून तिकीट येतं, पंचाचा आवाज गेला, तरी बोलणं तेवढंच चालू असतं. कधी तुम्हीही बसा. खिडकीसाठी रुमाल टाकू नका, दाराजवळचं बाकडं धरा. चढणारा-उतरणारा प्रत्येक जण तिथं काहीतरी बोलतो. आणि कानातली मोबाईलची वायर तेवढी काढून ठेवा.