ग्रास कटरचा गार्ड आणि आपले डोळे

पावसाळा सरला की भाईंदर पूर्वेच्या सोसायट्यांच्या आवारात आणि कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत गवत कमरेला लागते. दिवाळीत गावी जाणारे पुष्कळ जण आता कोयत्याऐवजी ग्रास कटर चालवतात. कापलेले गवत जाळण्यापेक्षा झाडाभोवती आच्छादन म्हणून पसरावे. जमिनीत ओल टिकते आणि दम्याच्या रुग्णांना धुराचा त्रास होत नाही. माझी तक्रार आहे ती यंत्रात घरच्या घरी केलेल्या फेरफारांबद्दल.

ओले गवत अडकते म्हणून पात्यामागचा गार्ड काढला जातो. गवताचा भुगा व्हावा म्हणून नायलॉन दोरीच्या जागी मोठे दातेरी पाते येते. काही जण तर पट्टीचे तुकडे किंवा साखळी जोडून घेतात. आता हिशेब पाहा. 25 सेंमी व्यासाचे पाते मिनिटाला 6000 फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 280 किमी होतो. त्या वेगाने उडालेला खडा किंवा तुटलेला तुकडा म्हणजे गोळीच. धातूचे तुकडे साखळीसारखे जोडलेल्या कापणी-जोडांच्या विक्रीवर युरोपीय आयोगाने जानेवारी 2012 मध्ये बंदी घातली, ती उगीच नव्हे.

गवत बारीक करायला यंत्र बदलावे लागत नाही. गवत सुकल्यावर, आधी शेंड्याकडून अर्धे आणि मग बुंध्याशी, असे दोन वेळा कापावे. परदेशात बसून चालवायच्या गवतयंत्रालाही बारीक तुकड्यांसाठी कंपनीचाच जोड लावतात, पात्यावरचे झाकण कापत नाहीत. गवत अडकले तर इंजिन बंद करून, पाते पूर्ण थांबल्यावर, स्पार्क प्लगची टोपी काढून मगच हात घालावा. मुलेबाळे, गुरे 15 मीटर लांब ठेवावीत. गार्ड असला तरी गॉगल हवाच. साधा चष्मा बाजूने उघडा असतो. पायात बूट, कानात बोळे.

एवढे करूनही डोळ्याला लागले तर? नुसती धूळ गेली असेल तर स्वच्छ पाण्याने धुवावे, चोळू नये. पण जोरात काही आदळले असेल, दिसणे कमी झाले असेल किंवा काही रुतलेले दिसत असेल, तर धुऊ नका, दाबू नका, काढायला जाऊ नका. कागदी पेला डोळ्यावर उपडा धरून चिकटपट्टी लावा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जा. धातूचा बारीक कण आत शिरला तर पहिल्या दिवशी दुखतेच असे नाही, म्हणून दुखण्याची वाट पाहू नये.

गवताचे पाते नुसते घासून गेले तरी आठवड्याभराने डोळा लाल होणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, असे होऊ शकते. ही बहुधा बुरशीची जखम असते. अशा वेळी शेजाऱ्याचे उरलेले थेंब किंवा औषधाच्या दुकानातून मागून आणलेले थेंब घालणारे रुग्ण मी दरवर्षी पाहतो. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली दोन दिवस उतरते आणि बुरशी आत फोफावते. मग बुबुळ बदलण्याची वेळ येते.

पायाला कापले असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर त्याच दिवशी घ्या.