नरक्याचे झाड आणि औषधाला दाद न देणारा स्तनाचा कर्करोग



विनयपिटकात जीवकाची गोष्ट आहे. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकून झाल्यावर गुरूने त्याला सांगितले, योजनभर हिंडून ये आणि औषधात उपयोगी नाही अशी एक तरी वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि परीक्षा पास झाला. वर्षावासात आपल्या विहारांतून ही गोष्ट हमखास सांगितली जाते. मागच्या वर्षी मात्र मी ती एका काढा विकणाऱ्याच्या तोंडून ऐकली. समोर बसलेल्या ताईंना स्तनाचा कर्करोग दुसऱ्यांदा झाला होता आणि आधीची औषधे आता लागू पडत नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले होते. "तुमच्या बुद्धांच्या वैद्यानेच सांगितलंय, प्रत्येक झाड औषध आहे," असे म्हणत तो बाटलीची किंमत सांगत होता. त्या ताईंनी पुढची केमोची तारीख चुकवली होती.

झाडात औषध असते, हे खरेच आहे. पण झाडापासून औषधापर्यंतचा रस्ता केवढा लांब आहे, हे तो माणूस सांगत नव्हता. म्हणून आज त्याविषयी.

आधी "औषध काम करत नाही" म्हणजे काय ते समजून घेऊ. कर्करोगाच्या गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. केमोने बहुतेक मरतात, काही चिवट पेशी उरतात आणि पुढची गाठ त्यांचीच बनते. या पेशींच्या युक्त्या अनेक आहेत. त्यातली एक आपल्याला लगेच कळेल अशी आहे. पावसाळ्यात झोपडीत पाणी शिरले की आपण बादलीने ते बाहेर फेकत राहतो. तसे पेशीच्या आवरणावर पंप असतात. आत आलेले औषध ते बाहेर फेकतात. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा असा पंप 1976 साली कॅनडातील जुलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांनी शोधला. दुसरी युक्ती कुलूप बदलण्याची. संप्रेरकावर वाढणाऱ्या गाठीला टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या अडवतात, पण पेशीने संप्रेरकाचा ग्राहकच बदलला तर गोळीची चावी बसत नाही. आणि काही गाठींना मुळातच ईआर, पीआर, हर-2 हे तिन्ही ग्राहक नसतात. त्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तो तरुण स्त्रियांत जास्त दिसतो, आणि त्यावर संप्रेरकाच्या गोळ्या चालत नाहीत.

आता झाडांकडे येऊ. आपल्या दारातली सदाफुली घ्या. जमैकात मधुमेहावर तिच्या पानांचा चहा पीत. 1950च्या दशकात कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क प्राण्यांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून विनब्लास्टिन मिळाले. पुढे याच कुळातले विनोरेलबिन तयार झाले, जे पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात आजही देतात. 1 ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात असे सांगतात. म्हणजे रोज सकाळी चार पाने चावून केमो होत नाही. आणि हीच औषधे सलाईनमधून देताना शिरेबाहेर थेंबभर झिरपली तरी मांस जळते. केमो देणाऱ्या सिस्टर हातावरून नजर का हलवत नाहीत, त्याचे कारण हे.

दुसरे झाड अमेरिकेतील यू. त्याच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल निघाले. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक, मनसुख वाणी, आपल्या नंदुरबारात जन्मलेले. साल गोळा झाली 1962 साली, त्याची रचना छापून आली 1971 साली आणि स्तनाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली 1994 साली. मध्ये बत्तीस वर्षे गेली. एवढ्या काळात त्याचे विष किती, मात्रा किती, कोणाला चालते, कोणाला नाही, हे तपासले गेले. ते पाण्यात विरघळत नाही म्हणून एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावणात देतात, आणि त्या द्रावणाची अ‍ॅलर्जी येऊ नये म्हणून आधी दोन-तीन इंजेक्शने देतात. "आधी एवढी सुया कशाला टोचता," असे आयाबाया चिडून विचारतात. त्यासाठी.

पण गोम अशी, की वर सांगितलेला पंप सदाफुलीची आणि यूची औषधेही बाहेर फेकतो. झाडाचे औषध म्हणून कर्करोग त्याला मान देत नाही!

मग उपाय काय? इथे नरक्या येतो. सह्याद्रीत, कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या जंगलात वाढणारे हे छोटे झाड. त्याच्या फुलांना घाण वास येतो. 1966 साली वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले होते. 1972 साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात भरपूर सापडले. हे द्रव्य पेशीला डीएनएची नक्कल नीट करू देत नाही. सुरुवातीला ते माणसांना देऊन पाहिले तेव्हा मूत्राशयाला आणि रक्तपेशींना इतका त्रास झाला की प्रयोग थांबवावे लागले. मग त्यात बदल करून इरिनोटेकन बनले. शरीरात त्याचे जे खरे प्रभावी रूप तयार होते, ते एसएन-38.

आता हे एसएन-38 एका प्रतिपिंडाला, म्हणजे अँटिबॉडीला, बांधतात. अँटिबॉडी पोस्टमनसारखी ट्रॉप-2 नावाचा पत्ता असलेली पेशी शोधते आणि पाकीट तिथे पोहोचवते. या औषधाचे नाव सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकन. अनेक औषधांना दाद न दिलेल्या ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांसाठी अमेरिकेत त्याला 2020 साली मंजुरी मिळाली. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या केमोवरच्या रुग्णांचे मध्यम आयुष्य 6.7 महिने होते, या औषधावर 12.1 महिने. रोग मुळासकट गेला असे नाही. पण मुलीची दहावी बघायला मिळणे ही लहान गोष्ट नाही. हर-2 गाठींसाठीचे ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकन याच कॅम्प्टोथेसिनच्या कुळातले. आफ्रिकेतील एका झुडपातले मेटॅन्सिन तर नुसते देणे अशक्य इतके विषारी होते. अँटिबॉडीला बांधल्यावर तेही वापरात आले.

माझा राग एका गोष्टीवर आहे. नरक्या तोडून नेणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो. लाकूड गोळा करणाऱ्या मजुराला त्यातले फार थोडे मिळते. आणि त्याच कुळातल्या द्रव्याचे नवे औषध त्याच मजुराच्या बायकोला लागले, तर त्याची किंमत तिच्या कल्पनेबाहेरची असते. झाड आमच्या डोंगरात आणि औषध आमच्या आवाक्याबाहेर, हा प्रश्न आरोग्याच्या पानावर नाही तर कुठे मांडायचा?

हळदीबद्दल सगळ्याच विचारतात. हळदीतले कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशी मारते, तो पंपही थोडा अडवते. त्यावर पुष्कळ संशोधन चालू आहे. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते. बशीत जेवढी मात्रा असते, तेवढी गाठीपर्यंत पोहोचत नाही. भाजीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल मात्र विचारल्याशिवाय नको. नेदरलँड्समधील एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन आणि मिरीतले पिपेरिन घेतल्यावर टॅमॉक्सिफेनच्या प्रभावी रूपाची रक्तातली पातळी उतरलेली दिसली. म्हणजे मदत करायला गेलो आणि चालू औषधाचेच पाय ओढले. लक्ष्मीतरूची पाने, हनुमानफळाचा काढा यांनी माणसाचा स्तनाचा कर्करोग बरा होतो असे चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. गुळवेलीचेही तसेच. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण वॉर्डातला हिशेब सरळ आहे. यकृताचा रिपोर्ट बिघडला की डोसेटॅक्सेलसारखी केमो पुढे ढकलावी लागते, आणि तेवढ्यात उरलेल्या पेशींना वाढायला वेळ मिळतो.

केसपुत्ताच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ऐकीव गोष्ट, वक्त्याचा मान, यांपैकी कशावरही डोळे मिटून विसंबू नका असे सांगितले. काढेवाल्याला विचारा, किती जणींना दिला, किती जणी जगल्या, लिहून कुठे ठेवले आहे? डॉक्टरांनाही विचारा. तो आपला हक्क आहे.

गाठ परत आली तर "पुन्हा बायोप्सी करायची का" हे जरूर विचारा, कारण ईआर, पीआर, हर-2 चा निकाल पहिल्यापेक्षा वेगळा येऊ शकतो आणि त्यावर औषध बदलते. मोठ्या कर्करोग रुग्णालयांत नव्या औषधांच्या चाचण्या चालतात. त्यात सहभागी होता येईल का ते विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, नको वाटले तर नाही म्हणा, चालू उपचार त्यामुळे बंद करता येत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपी बसते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी सोबत न्या आणि आरोग्यमित्राला भेटा.

आणि लवकर दाखवा. मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या भागांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, महागडे औषध नाही, शिकवलेले हात. आपल्या महिला मंडळाने महिन्यातून एक दुपार विहारात अशी तपासणी ठेवायचे ठरवले, तर जवळच्या आरोग्य केंद्रातील सिस्टरांना लेखी पत्र द्या. पडदा, खाट आणि हात धुण्याची सोय आपण करायची.

काढा, चूर्ण, कॅप्सूल, कुणी दिलेली पुडी, जे काही घेत असाल ते केमोच्या दिवशी पिशवीत घालून न्या आणि सिस्टरसमोर ठेवा. कुणी रागावले तरी ठेवा. सुई लावण्याआधी ते कळले तरच काही करता येते.