आधी काम, मग बोलणे

दोन गटांत तेढ वाढली की त्यांना समोरासमोर बसवावे, दोघांनी आपापली बाजू मांडावी, म्हणजे गैरसमज निवळतील, असे मी फार वर्षे मानत आले. त्याच समजुतीने लिहिले, इतरांनाही तोच सल्ला दिला. आज तो सल्ला मला अपुरा तर वाटतोच, कधीकधी घातकही वाटतो. माझी चूक अशी की संवाद म्हणजे मतांची देवघेव, असे मी धरून चालले होते. पण खाली विश्वासाची जमीन नसेल तर समोरच्याचा प्रत्येक मुद्दा हल्ला वाटतो, आणि हल्ला झाला की माणूस विचार करत नाही, ढाल उचलतो. ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली अमेरिकेत केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ट्विटर वापरणाऱ्या लोकांना त्यांनी महिनाभर विरुद्ध बाजूची मते वाचायला लावली होती. रिपब्लिकन पक्षाचे समर्थक त्यानंतर आपल्या मतांबाबत आणखी कडवे झाले. डेमोक्रॅटही मवाळ झाले नाहीत. दुसरी बाजू कानावर पडली की मन उघडते, ही धारणा तिथे टिकली नाही.

मग काय टिकते, याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. उत्तरेतून आलेले मुसलमान विणकर, तेलुगू पद्मशाली, मराठी कामगार, व्यापारी, सारे एकाच सुताला बांधलेले. तरीही 1970 च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे भीषण दंगल झाली आणि न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाला तिची चौकशी करावी लागली. 1984 च्या मे महिन्यात ती आग पुन्हा भडकली आणि मुंबईपर्यंत पोहोचली. म्हणून डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यावर भिवंडी पेटणार, हे बहुतेकांनी गृहीतच धरले असेल. पण मुंबईत दोन महिन्यांत सुमारे 900 माणसे मारली गेली आणि भिवंडी शांत राहिली. या शांततेचे बरेचसे श्रेय जाते ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे पोलीस उपायुक्त असलेल्या सुरेश खोपडे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला समित्यांना. नेहमीची शांतता समिती आपल्याला माहीत आहे: सण जवळ आला की पुढारी आणि प्रतिष्ठित मंडळी पोलीस ठाण्यात जमतात, चहा होतो, आवाहन होते. खोपडे यांनी त्याऐवजी मोहल्ल्यातल्या साध्या हिंदू-मुसलमान रहिवाशांना वर्षभर, नेमाने, शेजारच्या बारीकसारीक तक्रारींसाठी एकत्र बसवले. त्या बैठकांत धर्मावर प्रवचने झडत नव्हती. पण अफवा उठली तेव्हा ती खरी की खोटी हे कुणाला विचारायचे, हे दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक होते. माझ्या मते सगळे मर्म या एका गोष्टीत आहे.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शांत आणि दंगलग्रस्त शहरांच्या जोड्या तपासल्या. त्यातली कालिकत आणि अलीगढ ही जोडी बोलकी आहे. दोन्हीकडे मुसलमानांचे प्रमाण जवळपास सारखेच, तरी कालिकत शांत आणि अलीगढ पुन्हा पुन्हा धगधगणारे. कालिकतमध्ये व्यापारी संघटना, कामगार संघ, वाचन मंडळे यांत दोन्ही धर्मांची माणसे एकत्र होती. वार्ष्णेय यांचा निष्कर्ष असा की शहरात नुसती शेजारधर्माची ये-जा संकटकाळी पुरत नाही, संघटित सहकार्य लागते. मात्र कसलेही एकत्र येणे चालत नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या स्पर्धा भरवून वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना काही ठिकाणी एका संघात, तर काही ठिकाणी एकमेकांविरुद्ध खेळवले. एका संघात खेळलेल्यांची जातीबाहेरची मैत्री वाढली, विरोधात खेळलेल्यांच्या बाबतीत हा परिणाम उलट दिसला. दूरचित्रवाणीवरच्या चर्चा आपल्याला रोज दुसऱ्या प्रकारचे सामने दाखवतात आणि आपण त्यांनाच संवाद समजतो.

यावर एक आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना ‘मिळून काम करा’ सांगणे म्हणजे गप्प बसा म्हणणेच नव्हे का? मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला. त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. त्या सोळा वर्षांची किंमत दोन्ही बाजूंनी सारखी मोजलेली नाही. म्हणून मी स्पष्ट म्हणते, घर जळत असताना संवादाचा आग्रह धरणे अन्यायाचे आहे. तिथे आधी कायद्याने उभे राहिले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगून ठेवले होते की गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायचे तर त्या संपर्कात दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवे आणि अधिकारसंस्थेचा पाठिंबा हवा. ज्या समितीत एका गटाला खुर्ची आणि दुसऱ्याला फक्त सतरंजी उचलण्याचे काम मिळते, ती संवादाची जागा नव्हे. दुसरा आक्षेप असा की हे सारे एखाद्या चांगल्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते. तो खरा आहे. जुलै 2006 मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला, दोन पोलीस मारले गेले, गोळीबारातही माणसे दगावली. एकदा बांधलेला विश्वास कायमचा राहत नाही, तो सतत जपावा लागतो, आणि ते काम नागरिकांनी आपल्या हाती घेतले नाही तर अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर तेही जाते.

आता राजकारण घराघरांत शिरले आहे. भाऊ-भाऊ पक्षावरून बोलेनासे होतात. अशा वेळी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाद घालू नये, असे मी आता सांगते. तिथे प्रेक्षक असतात, आणि प्रेक्षकांसमोर माघार घेणे कुणालाच परवडत नाही. बोलायचेच असेल तर दोघांनीच बोलावे आणि ‘तुमचे चुकते’ म्हणण्याआधी ‘तुम्हाला असे कशामुळे वाटू लागले’ हे विचारावे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी 2016 मध्ये दाखवले की मायामीत दारोदार जाऊन, अनुभव विचारत केलेल्या साधारण दहा मिनिटांच्या बोलण्याने तृतीयपंथीयांविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. आकडेवारीची फेक जे करू शकत नाही, ते नीट ऐकून घेणे करू शकते. यासाठी स्वतःची मते सोडावी लागत नाहीत. मीही माझी सोडलेली नाहीत.

तुमच्या सोसायटीच्या पाणी समितीत, गावच्या वाचनालयात, उत्सव मंडळाच्या हिशेबनीसांत, शाळेच्या पालक समितीत कोणाकोणाची नावे आहेत ती एकदा पाहा. ज्यांच्याशी तुमचे पटत नाही त्यांच्यातले एकही नाव तिथे नसेल, तर ते आत्ता, सारे शांत असताना जोडा, आणि त्या माणसाच्या हाती खरे काम द्या.