लठ्ठ उंदीर, द्राक्षाची साल व स्नायूंतील चरबी

औषधांच्या दुकानांत हल्लीं चरबी जाळण्याचें आश्वासन देणाऱ्या गोळ्यांच्या बाटल्या ओळीनें मांडलेल्या दिसतात. "आमच्या मुलास ह्या द्याव्या काय? उंदरांवर गुण आला आहे म्हणतात," असा प्रश्न पालकांकडून आम्हांस वरचेवर येतो. उंदरांवर गुण आला म्हणजे नेमकें काय झालें, हें अशाच एका प्रसिद्ध द्रव्याच्या उदाहरणावरून पाहूं.

द्रव्याचें नांव रेस्व्हेराट्रॉल. जपानांत १९३९ सालीं मिचिओ ताकाओका यांनीं तें प्रथम एका वनस्पतीच्या मुळांतून वेगळें काढलें. काळ्या द्राक्षांच्या सालींत तें असतें. भुईमुगाच्या दाण्यांतहि अत्यल्प प्रमाणांत सांपडतें. बुरशी लागली किंवा इजा झाली म्हणजे वनस्पति स्वसंरक्षणार्थ तें अधिक तयार करते.

आतां स्नायूकडे वळूं. स्नायूच्या प्रत्येक तंतूंत मायटोकॉन्ड्रिया नांवाचे असंख्य सूक्ष्म घटक असतात. त्यांस पेशींतील चुली म्हणावयास हरकत नाहीं. साखर व चरबी हीं त्यांचीं इंधनें. चरबीचे लांब रेणू चुलींत आपोआप शिरत नाहींत. कार्निटिन नांवाचा वाहक त्यांस आंत पोंचवितो, आणि तेथें प्राणवायूच्या साहाय्यानें त्यांचें ज्वलन होऊन शक्ति उत्पन्न होते. खाणें भरपूर व हालचाल थोडी असली म्हणजे येणारी चरबी चुलींच्या गरजेहून अधिक होते. ती स्नायूंत सांचूं लागते, आणि रक्तांतील साखर आंत घेण्याविषयींचा इन्शुलिनचा हुकूम स्नायू नीट पाळीनासा होतो. प्रौढांस होणारा मधुमेह पुष्कळदां ह्याच वाटेनें येतो.

सन २००६ मध्यें फ्रान्समध्यें स्ट्रासबुर्गनजीक योहान ऑवेर्क्स यांच्या प्रयोगशाळेंत उंदरांस १५ आठवडे अतिशय स्निग्ध खाद्य देण्यांत आलें. त्यांतील एका गटाच्या खाद्यांत रेस्व्हेराट्रॉल मिसळलें होतें, दुसऱ्याच्या नव्हतें. दोन्ही गटांनीं खाल्लें जवळजवळ सारखेंच, परंतु पहिल्या गटाचें वजन बरेंच कमी वाढलें. फिरत्या पट्ट्यावर धांवविलें असतां त्या उंदरांनीं सुमारें दुप्पट अंतर तोडलें. स्नायूंचे छेद तपासले तेव्हां त्यांत चुली वाढलेल्या आढळल्या. संशोधकांचें म्हणणें असें कीं, हें द्रव्य सर्ट-१ नांवाच्या प्रथिनास चेतविते, आणि तें प्रथिन चुली बांधणाऱ्या मुकादमास जागें करतें. सर्ट-१ प्रत्यक्ष चेततें कीं आडवाटेनें, ह्यावर पुढें बराच वाद माजला. परंतु उंदीर धांवले हें खरें.

येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. अमेरिकेंत जॉन होलोझी यांनीं १९६७ सालीं घुशीच्या जातीचे मोठे उंदीर कित्येक आठवडे रोज धांवविले. त्यांच्याहि स्नायूंत ह्या चुलींची शक्ति सुमारें दुप्पट झाली. त्यांस खाद्यांतून कसलेंहि द्रव्य दिलेलें नव्हतें.

आतां गणित करूं. फ्रान्समधील उंदरांस रोज शरीराच्या दर किलोस ४०० मिलिग्रॅम द्रव्य मिळालें. तीस ग्रॅमच्या उंदरास हें १२ मिलिग्रॅम झालें. साठ किलोच्या माणसास त्याच हिशेबानें २४ ग्रॅम, म्हणजे रोज दोन तोळ्यांहून अधिक लागेल! लहान प्राण्याचें शरीर इंधन फार झपाट्यानें जाळतें, म्हणून शास्त्रज्ञ हा आंकडा सुमारें बारानें भागतात. तरीहि दोन ग्रॅम उरतात. द्राक्षें खाऊन इतकें मिळणें अशक्य. शिवाय माणसाचें आंतडें व यकृत ह्या द्रव्याचें इतक्या त्वरेनें रूपांतर करतात कीं, मूळ रूपांत तें रक्तांत नांवापुरतेंच उरतें.

माणसांवर प्रयोग झालेच नाहींत असें मात्र नव्हे. नेदरलंड्समधील मास्ट्रिख्त येथें ११ लठ्ठ पुरुषांस ३० दिवस रोज १५० मिलिग्रॅम द्रव्य देण्यांत आलें; त्याची हकीकत २०११ सालीं प्रसिद्ध झाली. रक्तांतील साखर व रक्तदाब किंचित् उतरले, यकृतांतील चरबी घटली. परंतु स्नायूंतील चरबी चक्क वाढली! वाचक गोंधळतील, आम्हीहि गोंधळलों होतों. मग ध्यानांत आलें कीं, रोज लांब पल्ल्याचें धांवणाऱ्या खेळाडूंच्या स्नायूंतहि चरबी पुष्कळ असते, पण ती चुलीजवळ रचलेल्या सरपणाप्रमाणें रोज जळते व रोज भरते. पडून राहिलेल्या चरबीची गोष्ट निराळी. म्हणून नुसती चरबी मोजून भागत नाहीं. ती जळते किती, हेंहि पाहावें लागतें.

डेन्मार्कमध्यें २४ लठ्ठ पुरुषांवर झालेला प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील कांहींस रोज दीड ग्रॅम द्रव्य व इतरांस दिसण्यांत तशाच पण निर्गुण गोळ्या, असें चार आठवडे चाललें. कोणास काय मिळालें हें त्यांस ठाऊक नव्हतें. शेवटीं मोजमाप झालें, तेव्हां इन्शुलिनचा परिणाम, चरबीचें ज्वलन, रक्तदाब व शरीरांतील चरबी ह्यांपैकीं कशांतहि दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. हे सर्व प्रौढ पुरुष होते. त्यांत बालक एकहि नव्हतें. म्हणून विचारणाऱ्या पालकांस आम्ही सांगतों कीं, मुलासाठीं ही बाटली घेऊं नका.